डावा, डावा, उजवा

८ जानेवारी १९७८, रविवार

पार्वताबाई काल खेळ अर्ध्यावर सोडून उठून गेल्या. वामनने आज सकाळी खात्रीने सांगितले. तो प्रोजेक्टरपाशी उभा असतो, दार त्याच्या हाताशी. "कौलाचा सीन आला अन् बाई उठल्या, अण्णा. लोक नुसते हसत होते. भिंत धरून धरून गेल्या. चपलासुद्धा घातल्या नाहीत."

चपला दारातच होत्या. घरी आणल्या. डाव्या पायाच्या चपलेला खिळा मारलेला. त्यांच्या नवऱ्याने, ज्ञानोबाने मारला असणार.

मी पहिल्या रांगेत होतो. मागून येणारे हसू ऐकत होतो आणि मला ते आवडत होते.

बातमी मी पाच वाजताच पाठवली होती. खेळ सहाचा. 'चिंचवडच्या कामगार हॉलमध्ये "देवाची शिफ्ट" या विनोदी माहितीपटाचा पहिला खेळ झाला. प्रेक्षक पोट धरून हसले.' आज छापून आली. एक शब्द चुकलेला नाही.

९ जाने., सोम.

क्रमाने लिहून काढतो, बातमीसारखे. म्हणजे मला पळवाट राहणार नाही.

दसरा-दिवाळीच्या सुमारास विनू कारखान्यांतले देव टिपत हिंडत होता. विनू ड्रॉइंग ऑफिसात. दिग्दर्शक तोच, कॅमेरा तोच. पॉवर प्रेसला लिंबू-मिरची, बॉयलरला हळदकुंकू, टाइमकीपरच्या टेबलावर काचेखाली चार देव आणि एक पंखेवाल्याचे कॅलेंडर. निवेदन माझे. हसत हसत विचारायचे, की बाबांनो, मशीन नक्की चालवतो कोण? मला ते तेव्हा पटत होते. आजही पटते.

ज्ञानोबा रहाटणीचा, प्रेस शॉपमधला. कंपनी उभी राहिली तेव्हा शेतात पत्रे ठोकणाऱ्यांतला. माझ्या निम्म्या बातम्या त्याच्या सायकलवरून आल्या. त्याच्या पोटात अल्सर. डॉक्टर म्हणाले, या आठवड्यात ऑपरेशन, नाहीतर आत फुटेल. पार्वताबाई म्हणाल्या, म्हसोबाचा कौल घेतल्याबिगर न्हाई. विनूच्या कानावर गेले, तो कॅमेरा घेऊनच निघाला. ज्ञानोबा खूश. "घ्या की राव. आमच्या मंडळींचा शिनेमा निघू द्या एकदा."

ओढ्याकाठचा म्हसोबा. त्याच्या दोन्ही खांद्यांवर शेवंतीची एकेक ओली पाकळी चिकटवायची. प्रश्न मनात धरून डोळे मिटून बसायचे. उजवी आधी पडली तर हो. डावी पडली तर नाही.

डावी पडली.

मी म्हणालो, "वहिनी, मध्येच ढग आला. कॅमेऱ्याला काही दिसलं नाही." कौलात मोडता आला तर तो पुन्हा लावता येतो. तीनदा. चौथा नाही. गावचा हा रिवाज मला ज्ञानोबानेच कधीतरी सांगितलेला. त्यांनी पुन्हा पाकळ्या लावल्या.

पुन्हा डावी. मी पुन्हा ढग आणला.

तिसऱ्यांदा उजवी.

त्या दिवशी आभाळात ढग नव्हता. चिंधीएवढासुद्धा नाही.

ऑपरेशन झाले. चौथ्या दिवशी ज्ञानोबा गेला. डॉक्टर म्हणाले, न करता आठवडाही निघाला नसता. हे मी त्यांना तीन वेगवेगळ्या वेळी विचारले. तिन्ही वेळा उत्तर तेच.

१० जाने.

विनूने तिन्ही कौल फिल्ममध्ये एकापाठोपाठ एक लावले आहेत. डावा, डावा, उजवा. त्यावर माझे वाक्य: 'रजेचा अर्ज आणि देवाचा कौल, दोन्ही पहिल्या फेरीत मंजूर होत नाहीत. तिसऱ्यांदा साहेबांची सही मिळते.'

हशा या वाक्याला.

हे मी डिसेंबरात लिहिले. ज्ञानोबा जाऊन महिना झाला होता. दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग होते, विनू समोर बसून होता, तासाभरात मजकूर हवा होता. दिला. हात अडला नाही. हे इथे असू दे.

पार्वताबाई फिल्म बघणार नाहीत असे धरून चाललो होतो. त्या का आल्या होत्या ते आज कळले. विनूच सांगून आला होता, "ज्ञानोबा दिसतात त्यात." नवऱ्याचा फोटो घरात एकच, कंपनीच्या ओळखपत्रावरचा. बाई त्याला हलताना बघायला आल्या होत्या.

१२ जाने., गुरु.

कंपन्यांना सुट्टी. आकुर्डीला खेळ. खुर्च्या कमी पडल्या, लोक खिडकीत बसले.

ऐकलेले:

"राव, आपल्या पर्सनल मॅनेजरपेक्षा म्हसोबा बरा. तिसऱ्या खेपेला तरी देतो."

रत्नागिरीकडचा एक फिटर बाहेर येऊन गंभीरपणे म्हणाला, "आमच्याकडं कौल असो नाय लावत. गुरव असता, देवाची वेळ असता. ह्यांनी नियम मोडले, मग देवाक कशाला हसायचा?"

एक म्हातारे गृहस्थ माझ्याजवळ आले. वाटले, भांडतील. नुसते म्हणाले, "मी रोज पोथी वाचतो. तरी हसलो. घरी सांगू नका."

नांदेडकडचा एक तरुण दारात थांबला होता. "अण्णा, एक सांगू का? लोकं देवाला नाही हसायलेत. त्या बाईला हसायलेत."

पेपरात फक्त पहिल्याचे वाक्य दिले. पर्सनल मॅनेजरऐवजी 'वरिष्ठ' केले.

१४ जाने., शनि. संक्रांत

सुमन म्हणाली, चपला द्यायच्या तर मीही येते. बायको बरोबर असली की मी कमी भितो, हे तिला ठाऊक आहे. सुमनने हळदकुंकवाची डबी घेतली आणि दारातून परत जाऊन ठेवून आली. पार्वताबाईंची ज्ञानोबानंतरची पहिली संक्रांत. नुसता तिळगूळ नेला.

बसने काळेवाडीपर्यंत, पुढे चालत. घरात पार्वताबाई आणि सासूबाई, दोघीच. म्हातारीने तिळगूळ घेतला, तोंडात टाकला नाही. पदराला बांधला. आपणहून बोलायला लागली.

"देवानं उजवा दिला म्हून दवाखान्यात न्हेला. त्याचीच मर्जी व्हती. कुनाचा दोष न्हाई बघा. ही रडाया लागली की मी हेच सांगते. देवाला इचारूनच न्हेलाय आपन."

पार्वताबाई चुलीकडे तोंड करून बसल्या होत्या. मला कळले की हे घर त्या एका उजव्या पाकळीवर उभे आहे. म्हातारी जेवते ती त्याच्यावर. सून तिच्यासमोर तोंड दाखवते ती त्याच्यावर.

म्हातारी सुमनला परड्यातला वाल दाखवायला घेऊन गेली. पार्वताबाई तशाच बसून हळू म्हणाल्या, "दादा, सावली व्हती."

"काय?"

"शिनेमात. पैल्या येळेला. पिंपळाची सावली वट्ट्यावर पडलीया, एकेक पान मोजून घ्यावं अशी. ढग आला आसता तर सावली कशी पडली आसती?"

मी म्हणालो, "नव्हता आला ढग."

"दुसऱ्या येळेला?"

"तेव्हाही नाही."

"मग तुमी पुन्हा का लावाया सांगितलं?"

परड्यातून म्हातारीचा आवाज जवळ आला. माझ्या हातात चपला तशाच. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. मी न्हीन कवा तरी."

परतीच्या वाटेवर सुमन म्हणाली, "त्या दोन दिवस जेवल्या नाहीत. म्हातारीला माहीत नाही."

मी विचारले, कशावरून? म्हणाली, "चुलीवरून. एकीपुरतीच भाकरी होती."

१६ जाने., सोम.

विनूला सांगितले, तो सीन काढ.

विनू चांगला मुलगा आहे. फिल्म करताना त्याच्या आईने त्याच्याशी बोलणे टाकले, तरी तो डगमगला नाही. म्हणाला, "अण्णा, तो सीन काढला तर उरतं काय? लिंबू-मिरची. ती कुणीही दाखवेल." मग जरा थांबून, "त्या दिवशी लाइट अगदी कडक होती. तुम्ही पुन्हा लावायला सांगितलंत, मला वाटलं, तुम्हाला कॉमेडी सुचली. म्हणून मी कॅमेरा चालू ठेवला. आयडिया तुमचीच, अण्णा."

त्याला खरे सांगितले. बराच वेळ पेन्सिलला टोक करत बसला.

"म्हणजे तुम्ही देवाला फसवलंत."

"देवाला नाही. तिला."

"पण बरोबरच केलंत. ऑपरेशन हवंच होतं."

हवेच होते. तो प्रश्न नाही. तिला समोर बसवून सांगायचे होते, की वहिनी, हा निर्णय डॉक्टरांचा, पाकळीचा नाही. भांडायचे होते. रडली असती, मला घराबाहेर काढले असते. तेवढे बळ नव्हते किंवा वेळ नव्हता. सोपी वाट घेतली. आयुष्यभर 'विचार करा' असे छापून घेतले आणि ज्या दिवशी एका माणसाला विचार करायला लावायचे होते, त्या दिवशी देवाच्याच तोंडून बोललो.

१९ जाने., गुरु.

पिंपरीला बौद्ध वसाहतीत खेळ, मोकळ्या पटांगणात. भिकाजीने जमवला. भिकाजी टर्नर, ज्ञानोबाच्याच कंपनीतला, दोघे एका डब्यातून जेवायचे. इथे तर हशा जास्त होईल असे विनूला वाटत होते. झाला नाही. मुले हसली. मोठी माणसे शांतपणे, शाळेत बसल्यासारखी बघत होती.

नंतर चहा पिताना भिकाजी म्हणाला, "वाईट नाही वाटून घ्यायचं, अण्णा. आमच्या बापानं देव टोपलीत घालून नदीला सोडले तेव्हा मी बारा वर्षांचा. बाप सोडत होता आणि रडत पण होता. आई काठावर बसून राहिली. देव वाईट होते म्हणून नाही रडले. इतकी वर्षं त्यांच्याजवळ रडले होते, म्हणून रडले. तुमच्या पिक्चरमध्ये सगळं हाय. रडणारं कुणी नाही."

त्याच्या बायकोने कपबश्या उचलताना विचारले, "त्या बाईचं काम झालं का ओ, दादा?"

"कुठलं काम?"

"ती कशासाठी कौल लावत होती, ते."

आतापर्यंत तीन खेळ झाले. हा प्रश्न विचारणारी ही पहिली.

मी म्हणालो, "तिचा नवरा आजारी होता."

"मग?"

भिकाजी म्हणाला, "ज्ञानोबाची मंडळी ती." बाई कपबश्या घेऊन आत गेली, परत आली नाही.

२० जाने., शुक्र.

दुपारी वामनला हॉलवर बोलावून रीळ लावायला सांगितले. कौलाचा तुकडा फक्त. विनूही आला. पाच-सहा वेळा पाहिला.

आजवर मी पाकळीच बघत होतो. सगळेच बघतात, विनूने चौकट तशीच धरली आहे. आज भिकाजीचे बोलणे डोक्यात होते, म्हणून माणसे बघितली. पार्वताबाई डोळे मिटून, हात जोडून, ओठ पुटपुटताहेत. त्यांच्या पाठीमागे, चौकटीच्या डाव्या कडेला, ओट्याच्या काठावर ज्ञानोबा. घोंगडी पांघरलेला, एक हात पोटाशी.

पहिली पाकळी पडते. डावी. ज्ञानोबा ती बघतो. मग बायकोच्या पाठीआडून कॅमेऱ्याकडे, म्हणजे माझ्याकडे बघतो. घोंगडीतून एक बोट बाहेर येते आणि हवेत गोल फिरते. प्रेस शॉपच्या गोंगाटात बोलणे ऐकू जात नाही, तिथे सगळा कारभार बोटांवर चालतो. ही खूण मी त्या शॉपमध्ये शंभरदा पाहिली आहे: पुन्हा चालव.

दुसऱ्या वेळीही तेच बोट.

तिसऱ्या वेळी उजवी पडते, ज्ञानोबा डोळे मिटतो आणि हात जोडतो. मनापासून. ते नाटक नाही.

वामन म्हणाला, "आयला."

ते बोट मी तेव्हा पाहिले होते का? आठवत नाही. आठवत नाही हे किती सोयीचे, तेही कळते.

त्याला जगायचे होते. बायकोशी वाद घालायचे त्राण नव्हते, देवाशी वैर नको होते. म्हणून त्याने मला खूण केली. आम्ही दोघांनी मिळून तिला फसवले. त्यातला तो गेला.

२२ जाने., रवि.

तिला सांगावे का? सांगितले तर तिच्या मानेवरचे ओझे उतरेल: कौल तू मोडला नाहीस, त्यानेच मोडला. पण त्याच वाक्याने तिचा नवरा तिच्याकडून जाईल. दर अमावास्येला म्हसोबाला नारळ देणारा माणूस, आणि बायकोच्या पाठीमागे बोट फिरवत होता. मेलेल्या माणसाची चहाडी ती.

सुमनला विचारले. म्हणाली, "तुम्ही तिच्या वतीनं आधीच एकदा ठरवलंय. आता पुन्हा नका ठरवू."

२३ जाने., सोम.

वाईट बातमी. सरपंचांनी २६ला संध्याकाळी रहाटणीच्या शाळेच्या पटांगणात खेळ ठरवला आहे. वामनला निरोप आला, विनूकडून पक्के करून घेतले. झेंडावंदनाच्या दिवशी गावाला काहीतरी दाखवायचे, आणि गावातलीच माणसे फिल्ममध्ये म्हणून उत्साह. दवंडीसुद्धा दिली.

रहाटणीत सगळ्यांना ठाऊक आहे, पार्वताबाईंनी कशासाठी कौल लावला होता. सगळे डावा, डावा, उजवा बघतील. सावली गावातले प्रत्येक माणूस वाचते. म्हातारी पुढच्या सतरंजीवर बसलेली असेल. त्या रात्रीपासून पार्वताबाई नवऱ्याला देवाच्या 'नाही'वर नेऊन मारणारी बाई.

विनूकडे गेलो. आज त्याने पेन्सिल हातात घेतली नाही. म्हणाला, "तुमचं ऐकून नाही कापणार, अण्णा. त्या बाई म्हणाल्या तर कापतो. कात्री तयार ठेवतो."

योग्य बोलला.

२५ जाने., बुध.

सकाळी पार्वताबाई घरी आल्या. अनवाणी. रहाटणीपासून चालत. सुमनने पाणी दिले, मग भाकरी वाढली. खाल्ली. अर्धीच, पण खाल्ली.

मी बोलणार होतो. त्याच आधी बोलल्या.

"दादा, उद्या गावात शिनेमा हाय. त्याच्या आदी मला एकलीला दाखवता का?"

मी म्हणालो, "तुम्ही म्हणाल तर तो तुकडा काढून टाकू. विनू तयार आहे. गावाला दिसणार नाही."

"ते बघू. मला आदी बघू द्या." पदर डोक्यावर सारखा केला. "त्या दिशी माजं ध्यान समदं फुलाकडं आन् त्या सावलीकडं. डावं पडलं, आन् मला बाकी कायच दिसलं न्हाई. म्या त्यांना बघाया आले व्हते आन् त्यांना बघितलंच न्हाई. मागं बसल्यात म्हनं वट्ट्यावर."

"हो. मागे बसलेत."

"दिसत्यात का चांगले?"

"चांगले दिसतात."

"तोंड सुकल्यालं आसंल."

"हो, थोडं."

"हलत्यात?"

मी हो म्हणालो. सुमन माझ्याकडे बघत होती. माझ्या तोंडात त्या बोटाचे वाक्य तयार होते. चाळीस शब्दांत बसेल असे, पहिल्या ओळीत काय, शेवटी काय, सगळे. इतकी वर्षे हाच धंदा केला. बोललो नाही.

निघताना त्यांनी चपला पायात घातल्या. खिळ्याच्या जागी बोट दाबून बघितले.

उद्या आठला झेंडावंदन. नऊपर्यंत हॉल रिकामा होतो, वामन खिडक्यांना पडदे लावून ठेवणार आहे. विनू कात्री आणि चिकटपट्टी घेऊन येतो. म्हातारीला दवाखान्यात दाखवायचे म्हणून सांगून पार्वताबाई एकट्या येतील. तुकडा मिनिटापेक्षा थोडा मोठा. त्यांनी मागितला तर वामन पुन्हा लावेल, हव्या तितक्या वेळा. संध्याकाळच्या खेळात तो असेल की नाही, ते त्यानंतर त्या सांगतील.

मी त्यांच्या शेजारी बसणार आहे. उद्या त्या फुलाकडे बघणार नाहीत. त्याच्याकडे बघतील.